भायली रस्त्यावरची स्पीड टेस्ट: घड्याळ खरं, भाकीत कच्चं

पैसे मोजून पळायला जायचं, हे आमच्या आईच्या अजून पचनी पडलेलं नाही. "पोलो ग्राउंडवर फुकट पळता येतं की," एवढं बोलून तिने विषय मिटवला. पण भाचीच्या खो-खो संघातल्या निम्म्या मुली भायली रस्त्यावरची ती धावण्याची टेस्ट देऊन आल्या होत्या, त्यांचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते, आणि ताईने पत्रक माझ्याकडे सरकवलं. "तुझ्या त्या अमेरिकन फुटबॉलचं काहीतरी लिहिलंय यात. तूच घेऊन जा हिला."

लिहिलं होतं खरं. पत्रक गुजरातीत होतं. वर मोठ्या अक्षरांत ‘एनएफएलची ४० यार्ड टेस्ट आता वडोदरामां’, आणि खाली लाल शाईत अशा अर्थाचं की तुमचं मूल प्रो लीगपर्यंत जाईल का, ते पाच सेकंदांत कळेल.

मी अलकापुरीतल्या एका ऑफिसात अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं करतो. कायमची रात्रपाळी. तिकडच्या लोकांशी रोज बोलून बोलून त्या लंबगोल चेंडूच्या खेळाचं वेड कधी लागलं ते कळलंही नाही. एनएफएल म्हणजे त्या खेळाची तिकडची व्यावसायिक लीग. फेब्रुवारी संपता संपता इंडियानापोलिसला कॉलेजच्या खेळाडूंची चाचणी भरते, तिला कम्बाइन म्हणतात. ती आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दिसते. चहाच्या सुट्टीत मी मोबाइल टेकवून बघत बसतो. त्यामुळे हा रिव्ह्यू टर्फवरच्या सेवेचा आहे, पण निम्मा त्या लाल ओळीचाही आहे.

जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भायलीच्या दिशेने निघालात की बोर्ड दिसतोच, आणि चालवणाऱ्या मुलाशी माझं काही भांडण नाही. पोरगा मन लावून काम करतो. फुटबॉलची मध्यम आकाराची टर्फ आहे, रविवारी सकाळी तिथे हे लोक यंत्रं मांडतात. दोन पॅकेजं. ६०० रुपयांत ३० मीटरची धाव, त्यात १० आणि २० मीटरच्या वेळा वेगळ्या मिळतात. १,५०० रुपयांत त्याच्या जोडीला ४० यार्ड, उभी उडी, दिशा बदलून पळणं आणि छापील ‘प्रॉस्पेक्ट रिपोर्ट’. भाचीला मैत्रिणींकडे आहे तसाच रिपोर्ट हवा होता, त्यामुळे मोठं पॅकेज घ्यावं लागलं.

आधी चांगलं काय ते सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे.

वेळ घेतात ती स्टॉपवॉचवर नाही. तिकाटण्यांवर बसवलेले प्रकाशकिरणांचे दरवाजे आहेत. मूल मधून गेलं की किरण तुटतो आणि वेळ थेट टॅबवर उमटते. यातही स्वस्त यंत्रात एकच किरण असतो, आणि पुढे फेकलेला हात तो आधी तोडतो. इथे एकावर एक असे दोन किरण आहेत, दोन्ही एकदम तुटले तरच वेळ धरली जाते. म्हणजे हात नाही, धड गेल्यावर. पहिल्या दरवाज्याच्या अर्धा मीटर मागे पांढरी पट्टी मारलेली आहे, सगळ्यांनी तिथूनच निघायचं, आणि निघताना मागे झोका घेतलात तर पोरगा परत बोलावतो. मी पाहिलेल्या शाळांच्या निवड चाचण्यांत सर शेवटच्या रेषेवर उभे राहून शिट्टी वाजवतात आणि अंगठ्याने घड्याळ दाबतात. अंगठा सुरुवातीला उशिरा दबतो आणि शेवटी अंदाजाने लवकर. म्हणून हातघड्याळाची वेळ नेहमी गोड येते. अ‍ॅथलेटिक्समध्ये हाताने घेतलेली १०० मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडायची तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायची रीत आहे, ती याच कारणाने. बडोद्यात ६०० रुपयांत अशी प्रामाणिक वेळ मिळते, ही लहान गोष्ट नाही.

दोन धावांमध्ये पुरेशी विश्रांतीही देतात. बाहेर पालकांची रांग असूनसुद्धा त्या मुलाने कुणाला घाई केली नाही. भाचीचा पाय पहिल्या धावेत घसरला तर तो स्वतःच म्हणाला, "फरी एक वार दोडवुं छे?" म्हणजे परत एकदा पळायचंय का. जादा पैसे लावले नाहीत.

आता खटकलेलं. ४० यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर. टर्फ तेवढी लांब आहे, पण पुढे थांबायला जागा नको का? म्हणून ही धाव ते कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी घेतात. तरीही शेवटच्या दरवाज्यानंतर थोड्याच पावलांवर जाळी आहे. मुलं जाळीला घाबरतात. शेवटच्या पाच-सहा मीटरमध्ये जवळजवळ प्रत्येक जण आपोआप हात आखडतो, आणि त्याच मीटरांची वेळ पुढे रिपोर्टात ‘टॉप स्पीड’ म्हणून छापली जाते. हे पोराला सांगितलं. "अंकल, बध्धाने सरखुं ज छे ने," म्हणाला. सगळ्यांना सारखंच, हे खरं; पण मग ती आकडेवारी इंडियानापोलिसशी ताडू नका ना. रिपोर्टात चक्क शेजारी रकाना आहे: ‘एनएफएल सरासरीपासून फरक’. चौदा वर्षांची खो-खोची मुलगी आणि बावीस वर्षांचा कॉलेज फुटबॉलपटू! हा रकाना बघून मला हसू आलं, भाचीला नाही आलं.

शिवाय तिकडची वेळही वेगळ्या रीतीने घेतात. कम्बाइनमध्ये बंदूक वाजत नाही. खेळाडू हवा तेव्हा निघतो, त्याची पहिली हालचाल दिसली की माणूस बटण दाबतो, आणि शेवटी किरण वेळ थांबवतो. म्हणजे सुरुवात हाताची, शेवट यंत्राचा. आपल्या टर्फवर पहिला किरण तुटेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. दोन आकडे एका रकान्यात मांडायचेच असतील तर आधी एवढं तरी लिहावं.

पण माझा खरा आक्षेप ‘प्रॉस्पेक्ट स्कोअर’ला आहे. शंभरपैकी गुण. भाचीला ५८, आणि पुढे ‘लीग संभाव्यता: मध्यम’. हा कसा काढता म्हणून विचारलं तर पोराने लॅपटॉप वळवून दाखवला. लपवाछपवी नाही, हेही आवडलं. शंभरातले सत्तर गुण एकट्या ४० यार्डांचे. "सर, एनएफएलमां आ ज चाले छे," तो म्हणाला. म्हणजे तिकडे हेच चालतं.

नाही चालत. किंवा असं म्हणतो, जिथे चालतं तिथे वेगळ्या अर्थाने चालतं.

ड्राफ्ट म्हणजे काय ते दोन ओळींत सांगतो. ३२ संघ, सात फेऱ्या. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला आधी पाळी, विजेत्याला शेवटी. कॉलेजचे खेळाडू असे एकेक करून उचलले जातात. आता यात धावेच्या वेळेचं वजन किती? कुणाला बोलावतील आणि कधी बोलावतील, यावर तिचा परिणाम नक्की होतो. २००३ मध्ये मॅकगी आणि बर्केट या दोन संशोधकांनी कम्बाइनचे आकडे ड्राफ्टच्या क्रमाशी ताडून पाहिले. चेंडू घेऊन धावणारे, झेल घेणारे आणि त्या झेलणाऱ्यांना अडवणारे मागचे रक्षक, या जागांचा क्रम आकड्यांवरून बराच सांगता येतो, असं त्यांना दिसलं. यात नवल काय? निवडणाऱ्यांच्या हातात तोच कागद होता. कागद बघून निवड केली, आणि मग कागदाने निवड ओळखली.

पुढे तो खेळाडू खेळला कसा, हा प्रश्न २००८ मध्ये कुझमिट्स आणि अ‍ॅडम्स यांनी विचारला. क्वार्टरबॅक (म्हणजे चेंडू फेकणारे), धावणारे, झेल घेणारे, अशा तिघांचे चाचणीचे आकडे आणि नंतरच्या वर्षांतली कामगिरी त्यांनी समोरासमोर ठेवली. सातत्याने जुळणारं काही सापडलं नाही. अपवाद एकच: चेंडू घेऊन धावणाऱ्यांच्या बाबतीत धावेची वेळ. तिथे ती खरंच काही बोलते.

पोराला हे सगळं तिथे उभं राहून सांगितलं नाही, मागे रांग होती. २०१७ चं उदाहरण मात्र दिलं. त्या वर्षी जॉन रॉस नावाचा झेल घेणारा खेळाडू ४० यार्ड ४.२२ सेकंदांत पळाला. तोवरचा कम्बाइनचा विक्रम. सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. त्याच वर्षी, त्याच जागेवर खेळणारा कूपर कप ४.६२ पळाला. चार दशांश सेकंद म्हणजे शेवटच्या रेषेवर साडेतीन मीटरच्या आसपास. रॉस पलीकडे पोचला तेव्हा कप अजून वाटेत. तो ६९ व्या क्रमांकावर, तिसऱ्या फेरीत गेला. पहिल्या हंगामात रॉसच्या नावावर एकही झेल नाही. दुखापती होत्या, ते मान्य. पण पुढेही नवव्या क्रमांकाला साजेसं काही झालं नाही. आणि कप? २०२१ च्या हंगामात १४५ झेल, १,९४७ यार्ड, १६ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण), तिन्हींत लीगमध्ये पहिला, आणि शेवटी सुपर बोल या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू.

कप कुठून उगवला असं कुणाला वाटत असेल, तर त्याने ईस्टर्न वॉशिंग्टनच्या कॉलेज संघात ४२८ झेल घेतले होते. तो आकडाही सगळ्यांसमोर होता. चार वर्षं चार-चौघांत केलेलं काम एका बाजूला, आणि एका सकाळी घट्ट कपडे घालून, हेल्मेट नाही, खांद्यावर पॅड नाही, समोर अडवायला कुणी नाही, अशी सरळ पट्टीवर घेतलेली साडेचार सेकंद दुसऱ्या बाजूला. मुलगी बघायला गेल्यावर तिच्या बारा वर्षांच्या प्रगतिपुस्तकाकडे दुर्लक्ष करून पोहे कसे झालेत त्यावर लग्न ठरवावं, तसलं हे.

उलट उदाहरणं नाहीत असं नाही, तीही सांगतो, नाहीतर म्हणाल मामा एकतर्फी बोलतोय. ख्रिस जॉन्सन २००८ मध्ये ४.२४ पळाला, टेनेसीने त्याला २४ व्या क्रमांकावर घेतलं, आणि आपल्या दुसऱ्याच हंगामात तो २,००६ यार्ड धावला. हा चेंडू घेऊन धावणारा, म्हणजे नेमका तो अपवाद. त्या जागेसाठी बिल बार्नवेल या तिकडच्या फुटबॉल लेखकाने एक सूत्र काढलं: पौंडांतल्या वजनाला २०० ने गुणायचं आणि वेळेच्या चौथ्या घाताने भागायचं. म्हणजे नुसता वेग बघायचा नाही, किती वजन घेऊन तो वेग आहे ते बघायचं. ९० किलोचा माणूस आणि १०५ किलोचा माणूस एकाच वेळेत पळाले तर दुसऱ्याला धडकणं जास्त महाग पडणार, हे कुणालाही कळेल. टर्फवरच्या रिपोर्टात वजन लिहिलेलं असतं, गुण काढताना वापरत मात्र नाहीत.

टॉम ब्रॅडीचं उदाहरण सगळेच देतात (५.२८ सेकंद, १९९ वा क्रमांक, सात सुपर बोल), पण ते मला फसवं वाटतं. क्वार्टरबॅकला मुळात पळण्याचे पैसे मिळत नाहीत. त्याचं धावणं मोजून तो वाईट ठरला नाही, चुकीची गोष्ट मोजली गेली, एवढंच. रॉस आणि कप यांचं काम एकच होतं, म्हणून ती जोडी जास्त बोलकी.

आणखी एक गोष्ट या स्कोअरवाल्यांच्या ध्यानात येत नाही. इंडियानापोलिसला बोलावणं आलेला प्रत्येक जण आधीच वेगवान असतो. हळू होते ते शाळेत, कॉलेजात गळून गेले. उरलेल्यांत ४.४५ आणि ४.५५ यांतला फरक थोडं सांगतो, फार नाही. साधारण मीटरभर. झेल घेणाऱ्याला आणि त्याच्या मागच्या रक्षकाला तो मीटर महत्त्वाचा, पुढच्या फळीतल्या आडदांड लाइनमनला अजिबात नाही. त्याचं काम पहिल्या दोन-चार पावलांत संपतं, म्हणून त्याच्या पहिल्या १० यार्डांकडे बघतात. गाळून उरलेल्या बावीस वर्षांच्या मुलांचा हिशोब न गाळलेल्या दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना लावला की काय होतं ते आमच्या मागेच दिसलं. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा, वयाच्या मानाने चांगलाच उंच, आवाज फुटायला लागलेला. स्कोअर ९१, ‘संभाव्यता: अति उच्च’. वडिलांनी तिथेच कुणालातरी फोन लावला, पोराला कुठल्याशा अकादमीत घालायचं बोलणं सुरू. बाकीची मुलं दोन-तीन वर्षांनी वाढीला लागली की या ९१ चं काय होतं, हे कुणीतरी त्यांना आधी सांगायला हवं. या वयात वेळ म्हणजे निम्मी वयाची आणि उंचीची गोष्ट. रिपोर्टात जन्मतारखेचा रकाना आहे, तोही गुणांत धरत नाहीत.

आता आपल्या खेळाकडे येतो, कारण ताईला शेवटी त्याचंच पडलंय. खो-खोचं मैदानच २७ मीटर लांब. ३६ मीटर सरळ रेषेत पळायची वेळ कुणावर, कधी येणार? खांबाला वळसा, साखळी, हूल, बसलेल्यांच्या मधून तिरकं निसटणं, शेवटी खांबावर सूर. आणि हल्ली लीग आहे, ही गोष्ट खोटी नाही. २०२२ मध्ये पुण्यात अल्टिमेट खो-खो सुरू झालं तेव्हा खेळाडू ड्राफ्टनेच घेतले, दुसरा हंगाम गुजरात जायंट्सने जिंकला, आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला तो भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोघांनीही मारला. पोरींच्या डोळ्यांपुढे हे सगळं आहे. म्हणून तर पत्रकातली लाल ओळ विकली जाते.

पण या रिपोर्टात कामाची गोष्ट आहे, ती दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत. १० मीटरची वेळ. भाचीची २.०६. तिच्या ज्या मैत्रिणीला ७४ चा स्कोअर मिळाला, तिची २.१५. मैत्रीण ३० मीटरला पुढे जाते, ४० यार्डांत तर आणखीच, लांब पाय आहेत तिचे. संघात मात्र संरक्षणाच्या पहिल्या तुकडीत बाई भाचीला पाठवतात, मैत्रिणीला नाही. बाईंनी कधी किरणांचा दरवाजा पाहिला नसेल, पण पहिल्या तीन पावलांत कोण सुटतं ते त्यांना दिसतं. घड्याळानेही तेच सांगितलं, फक्त स्कोअरने ते झाकलं.

परत येताना गाडीवर भाची गप्प. मग म्हणाली, "मामा, अठ्ठावन्न म्हणजे नापास का रे?" मी तिला दुसरं पान काढायला लावलं. जुम्मादादा आणि माणिकरावांच्या व्यायाम मंदिराचं हे शहर, इथे पोरांचं बळ आखाड्याच्या मातीत, मल्लखांबावर जोखलं गेलंय. शंभरातल्या गुणांनी पोर खट्टू होते, हे मला फार लागलं. त्याचं बिल मी १,५०० रुपये भरलं होतं, तेही लागलं.

तर कुणी विचारलं तर माझं उत्तर असं. ६०० रुपयांचं पॅकेज बेलाशक घ्या. खेळ धावण्याचा असेल, मूल बाराच्या पुढचं असेल, तर वर्षातून दोनदा, एकाच टर्फवर, एकाच बुटांत. आणि तुलना त्याच मुलाच्या मागच्या वेळेशी, शेजारच्याच्या नाही. १० मीटरची वेळ कमी होत असेल तर सराव लागू पडत असावा. ती तशीच राहून ३० मीटरची कमी होत असेल तर कदाचित पाय वाढले असतील, सरावाचं श्रेय लगेच कुणाला देऊ नका. १,५०० चं पॅकेज फक्त तिरकी धाव आणि दिशा बदलण्याची चाचणी हवी असेल तर. ती चाचणी चांगली घेतात, दोन्ही बाजूंची वेळ वेगळी देतात, भाचीची डावी बाजू उजवीपेक्षा मंद आहे हे त्यातूनच कळलं आणि बाई आता त्यावर काम करतायत. प्रॉस्पेक्टचं पहिलं पान मागूच नका. पोराला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पालक त्याच पानासाठी येतात. असेलही. त्याच्या जागी असतो तर धंदा बघून मीही छापलं असतं कदाचित, पण लाल ओळ तरी काढली असती.

सेवेला पाचपैकी चार. भाकिताला एक, तोही लॅपटॉप वळवून दाखवला म्हणून. पार्किंग आत नाही, दुचाकी कडेला लागते, गाडी असेल तर जरा आधी निघा. मार्चनंतर सकाळी आठच्या आत उरका, टर्फ तापते आणि वेळाही बिघडतात. यूपीआय चालतं. पाणी घरचं न्या, तिथे बाटली दुप्पट भावाने देतात.